हृदयाचं ऑपरेशन झालं, मग किडनीचं काय?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये सुरू झाला. तेव्हापासून आरोग्य पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत जाऊन लेकरांची तपासणी करतात. छातीला स्टेथोस्कोप लावल्यावर वेगळा आवाज आला की टूडी इको सांगितला जातो. मग सोलापूर, पुणे किंवा मुंबईची वारी होते आणि महात्मा जोतिराव फुले योजनेत ऑपरेशनही होतं. भूम-परंड्यापासून उमरग्यापर्यंत असं लेकरू घरी आलं की सगळे म्हणतात, ‘होल बुजवलं, सुटलो एकदाचे.’

साधं छिद्र वेळेत बुजवलं असेल तर ते बरंचसं खरंही आहे. पण जन्मतः हृदयाचा एकच कप्पा नीट काम करत असेल, फॅलोट प्रकारचा आजार असेल, ऑपरेशनला उशीर होऊन लेकरू वर्षानुवर्षं निळं राहिलं असेल किंवा हृदयाची ताकद कमी राहिली असेल, तर तपासण्या जन्मभर कराव्या लागतात. त्यात किडनीची तपासणी हमखास राहून जाते. ‘किडनीचा त्रास शुगर-बीपीवाल्या म्हाताऱ्यांना होतो, पोराला कशाला होईल?’ हा समज त्याच्या मुळाशी आहे.

हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा एकट्या किडन्यांकडे जातो. हृदय कमी पडलं की तो पुरवठा घटतो. हृदयाचा एकच कप्पा नीट असलेल्यांचं फोंटान ऑपरेशन करतात; ते झालेल्यांत शिरांमधला दाब कायम जास्त राहतो, त्यामुळे किडनीतून रक्त बाहेर पडतानाच तुंबतं. निळ्या राहिलेल्या लेकरांची गोष्ट आणखी वेगळी. ऑक्सिजन कमी म्हणून शरीर तांबड्या पेशी वाढवतं, रक्त दाट होतं, किडनीतल्या बारीक गाळण्या फुगतात आणि त्यांतून प्रथिनं लघवीत झिरपू लागतात. अशा लेकराचं हिमोग्लोबिन 18-20 आलं की घरचे खूश होतात, ‘रक्त भरपूर आहे.’ त्याच लेकराच्या फुगीर, निळसर नखांकडे पाहिलं म्हणजे ते रक्त का वाढलंय हे कळतं.

लंडनच्या डॉक्टरांनी 2008 मध्ये जन्मजात हृदयविकार असलेल्या अकराशेवर प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचं सरासरी वय 36 च्या आसपास होतं. निम्म्या जणांत किडनीची गाळण्याची क्षमता थोडीफार तरी घटलेली होती आणि 9 टक्क्यांत ती बरीच घटलेली होती. ही सगळी कर्ती माणसं होती.

‘लघवी तर साफ होते, मग किडनी चांगलीच असणार.’ दवाखान्यात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हेच, आणि सगळ्यात जास्त फसवणारंही. किडनीचं काम बरंच घटलं तरी लघवी नेहमीसारखी होत राहते. दुखत तर काहीच नाही. सुरुवातीची एक खूण म्हणजे लघवीतली प्रथिनं, आणि ती तपासल्याशिवाय दिसत नाहीत.

क्रिएटिनिनच्या रिपोर्टचंही तसंच. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. हृदयाच्या आजारानं वाळलेल्या लेकराच्या अंगावर मांसच कमी, म्हणून आकडा मुळातच कमी येतो. त्यात रिपोर्टवर छापलेली मर्यादा बहुधा मोठ्या माणसाची असते. पाच वर्षांच्या लेकराचं क्रिएटिनिन 0.9 आलं तर कागदावर ते ‘नॉर्मल’ दिसतं. खरं तर त्या वयाला ते 0.3 ते 0.5 च्या घरात हवं. म्हणून आकडा वय, उंची आणि मागचे रिपोर्ट यांच्याशी ताडून बघायला डॉक्टरांना सांगावं. लघवीतल्या प्रथिनांची तपासणी आणि क्रिएटिनिन या दोन तपासण्या साध्या आहेत, त्यासाठी पुण्या-मुंबईला जायची गरज नाही. किती दिवसांनी करायच्या, तेवढं हृदयाच्या डॉक्टरांकडून फाईलवर लिहून घ्यावं.

पाण्याबद्दल दोन उलटसुलट समज एकाच घरात नांदतात. आजी म्हणते भरपूर पाज, चुलता म्हणतो हार्टवाल्याला पाणी कमीच द्यायचं. हृदय थकून अंगावर सूज येत असेल तर डॉक्टर पाणी मोजून द्यायला सांगतात. पण निळ्या लेकराचं अंग कोरडं पडणं फार धोक्याचं, कारण आधीच दाट असलेलं रक्त आणखी दाट होऊन गुठळी होऊ शकते आणि किडनीलाही फटका बसतो. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात किंवा आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेल्या लेकराला जुलाब-उलट्या लागल्या, तर ‘उद्या बघू’ म्हणू नये. ओआरएस सुरू करून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. लेकरू लघवीची गोळी किंवा एनालाप्रिल घेत असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगावं; अशा वेळी या गोळ्या थोडे दिवस थांबवाव्या लागू शकतात.

एरवी मात्र ‘या गोळ्यांनी किडनी जाते’ असं कुणी म्हटलं म्हणून त्या परस्पर बंद करू नयेत. त्यांच्यामुळेच हृदयावरचा ताण आवरलेला असतो. खरी भीती बाळगायची ती अंग दुखलं, ताप आला की मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनची. थकलेल्या हृदयाच्या माणसाची किडनी या गोळ्यांनी दोन-चार दिवसांतही बिघडू शकते. घटक माहीत नसलेल्या पुड्या आणि भस्मंही टाळलेलीच बरी.

मला जास्त काळजी वाटते ती अठरा वर्षांनंतरची. बाल स्वास्थ्य कार्यक्रम त्या वयापर्यंतच आहे. पोरगा कामाला पुण्याला जातो, फाईल गावाकडच्या पेटीत राहते. पोरीचं तर त्याहून अवघड. स्थळ मोडेल या भीतीनं ऑपरेशन लपवलं जातं आणि फाईल माहेरीच राहते. एनालाप्रिल चालू असताना दिवस गेले तर ती गोळी पोटातल्या बाळाच्या किडनीला इजा करते. गोळी वेळीच बदलता येते, पण त्यासाठी डॉक्टरांना दिवस राहायच्या आधी सांगावं लागतं, आणि ते सांगायला सासरच्या घरात कुणाला तरी माहीत असावं लागतं.