भिंतींना थंडी वाजते का?

सामुराई म्हटलं की काय आठवतं? लखलखती तलवार, चिलखत, शिंगांचं शिरस्त्राण! पण जपानमधल्या कानाझावा शहरात सामुराईंची नागामाची नावाची जुनी वस्ती आहे ना, तिथं मला सगळ्यात भारी वाटतात त्या भिंती. चक्क मातीच्या!

माएदा घराण्याच्या पदरचे सामुराई इथं राहायचे. अरुंद, वळणांच्या गल्ल्या, कडेनं खळाळणारा पाट आणि घरांभोवती या पिवळसर भिंती. खाली दगड, वर माती, माथ्यावर इवलंसं छप्पर. डिसेंबर आला की कामगार या भिंतींवर भाताच्या पेंढ्याच्या जाड चटया ओळीनं टांगतात. त्या उतरतात थेट मार्चमध्ये. कोकणात पावसाळ्याआधी पडवीला झाप बांधतात, तसंच की हे!

पण भिंतींना कुठे थंडी वाजते? नाहीच वाजत. त्यांचा खरा शत्रू आहे पाणी.

हिवाळ्यात सैबेरियाकडून गार, कोरडा वारा सुटतो. वाटेत जपानचा समुद्र लागतो. त्याचं पाणी वाऱ्यापेक्षा उबदार, म्हणून वारा भरपूर वाफ उचलतो. पुढे डोंगर आडवे आले की तो वर चढतो, आणखी गार होतो आणि ढीगभर बर्फ पाडतो. कानाझावाचा बर्फ असतो ओला नि जड. भिंतीला चिकटतो, वितळतो, पाणी मातीच्या बारीक छिद्रांत शिरतं. रात्री तेच पाणी गोठतं. आणि गोठताना पाणी फुगतं! १०० मिलिलिटर पाण्याचा जवळजवळ १०९ मिलिलिटर बर्फ होतो. छिद्रात जागा तर तेवढीच. मग मातीचे कण ढकलले जातात, पोपडे सुटतात. चटई असली की बर्फ भिंतीला शिवतच नाही. पेंढ्यानं केवढं मोठं काम केलं, बघा!

माणसांचीही सोय आहे हं. भिंतीच्या पायथ्याशी काही ठिकाणी एक दगड दिसतो. लाकडी खडावांच्या दातांत बर्फ अडकला की त्यावर आपटून झाडायचा!

आता एक प्रयोग. चिकणमातीचे दोन गोळे करा. एक उन्हात खडखडीत वाळवा, दुसरा ओलाच ठेवा. आईबाबांना विचारून दोन्ही डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवा. सकाळी काढा, रात्री परत ठेवा, असं आठवडाभर करा. मग भिंग घ्या आणि शोधा, चिरा कोणत्या गोळ्यावर जास्त आहेत?