सल्ला आणि परवाना

बलुचिस्तानातील क्वेट्टा शहर ३१ मे १९३५ च्या उत्तररात्री भूकंपाने जमीनदोस्त झाले. मृतांची संख्या तीस हजारांच्या आसपास तरी असावी, असा अंदाज आहे. त्या विध्वंसात रेल्वेची काही निवासस्थाने मात्र अभंग उभी राहिली. १९३१ साली जवळच माच येथे भूकंप झाला होता. तेव्हा एस. एल. कुमार या रेल्वेच्या अभियंत्याने त्यापासून बोध घेऊन, विटांच्या भिंतींना लोखंडी रुळांचा सांगाडा देऊन ती घरे बांधविली होती. त्यामागील शास्त्र आणि देशातील भूकंपप्रवण विभागांचा नकाशा त्यांनी १९३३ साली प्रसिद्धही केला होता. ज्ञान होते, अनुभवाचा दाखला होता. परंतु बाजारपेठेतल्या दुकानदाराने आपले घर तसे बांधावे, अशी सक्ती नव्हती. ती नियमावली आली ती शहर पडल्यानंतर.

तज्ज्ञांचा सल्ला आणि नगरपालिकेचा परवाना यांच्यामध्ये असे जे अंतर पडते, ते भरून काढणे हे तांत्रिक सल्लागार मंडळाचे खरे काम होय. इमारतीच्या नकाशावर मंजुरीची सही होते ती स्थानिक संस्थेच्या अधिकाराने, कारण रस्ता, गटार, शेजाऱ्याचा उजेड आणि कराचा बोजा यांचा जाब नागरिक तिलाच विचारतात. पण पाया किती खोल असावा, खांबात किती सळ्या असाव्यात, जिना किती रुंद असावा, हे प्रश्न बहुमताने सुटणारे नव्हेत.

भारतात या विचाराला अखिल देशाचे रूप आले ते पुढे. भूकंपरोधक रचनेचे पहिले भारतीय मानक १९६२ साली निघाले. नियोजन आयोगाने १९६५ मध्ये तज्ज्ञांचे एक मंडळ नेमले. प्रत्येक शहराचे पोटनियम निराळे, कित्येक ठिकाणी जुनाट, हे ध्यानी घेऊन त्याने एकसूत्री संहितेची शिफारस केली. ते काम भारतीय मानक संस्थेकडे आले आणि १९७० साली राष्ट्रीय बांधकाम संहिता प्रसिद्ध झाली. १९८३, २००५ आणि २०१६ मध्ये तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. तरीही ही संहिता म्हणजे कायदा नव्हे. राज्याने वा नगरपालिकेने आपल्या नियमांत तिचा स्वीकार करावा, तेव्हाच ती घरमालकाला बांधते. या मर्यादेला दोष देणे सोपे आहे. परंतु कोकणचा पाऊस आणि राजस्थानचे ऊन यांना एकाच वहीत बसविणेही शहाणपणाचे नव्हे.

स्वीकार राहून गेला म्हणजे काय होते, ते २६ जानेवारी २००१ रोजी अहमदाबादेत दिसले. भूकंपाचे केंद्र कच्छमध्ये, दोनशे किलोमीटरहून अधिक दूर. तरी तेथे अनेक बहुमजली इमारती कोसळल्या व शेकडो माणसे दगावली. त्यांपैकी कित्येकींचा तळमजला मोटारी उभ्या करण्यासाठी मोकळा ठेवलेला होता. भिंतींचा आधार नसलेल्या त्या खांबांवर सारे वजन हेलकावले. अशा खांबांतील सळ्यांची मांडणी कशी असावी, हे सांगणारे मानक १९९३ पासून उपलब्ध होते. पण खाजगी बांधकामात ते सक्तीचे नव्हते.

अर्थात तज्ज्ञही चुकतात. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या परिसरात हजारो माणसे मातीदगडांच्या भिंतींखाली गेली. तो भाग तेव्हाच्या अधिकृत नकाशावर सर्वात कमी धोक्याच्या विभागात होता. २००२ मध्ये तो विभागच रद्द करून नकाशा नव्याने आखण्यात आला. म्हणून मंडळाने एकदा दिलेला अभिप्राय शिलालेख मानू नये. त्याच्या बुडाशी असलेली गृहीते उघड असावीत, म्हणजे नवे पुरावे येताच तो बदलता येतो.

मंडळाची रचना हाही नाजूक विषय आहे. त्यात केवळ शासकीय अभियंते असले, तर फाईल सुरळीत चालते आणि इमारतीचे काय होते ते देवाला ठाऊक! संरचनातज्ज्ञ, मृत्तिकेचा जाणकार, अग्निशमन अधिकारी आणि प्रत्यक्ष बांधकाम करणारा अनुभवी मनुष्य, असे सारे एकत्र बसले पाहिजेत. ज्याचा प्रकल्प विचारार्थ आहे, त्याच्याशी हितसंबंध असलेल्या सदस्याने त्या दिवशी उठून गेले पाहिजे. मुंबईत अतिउंच इमारतींचे आराखडे तज्ज्ञांच्या समितीपुढे ठेवण्याची पद्धत आहे, ती याच गरजेतून आली. नगरपालिकेला मंडळाचा सल्ला डावलण्याचा अधिकार जरूर असावा; मात्र तो डावलताना कारण लेखी नमूद करावे आणि ते कोणाही नागरिकाला वाचावयास मिळावे.

उरतो प्रश्न लहान गावांचा. जेथे एकच अभियंता पाणीपुरवठा, रस्ते आणि परवाने सांभाळतो, तेथे स्वतंत्र मंडळ कोठून आणावयाचे? जिल्ह्यातील चार-पाच नगरपालिकांनी मिळून एक मंडळ ठेवावे, जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील अध्यापकांना त्यावर घ्यावे आणि शाळा, दवाखाना, चित्रपटगृह अशा गर्दीच्या इमारतींपासून तरी आरंभ करावा. बाकीच्या घरांचे नकाशे त्यांच्यापुढे येणारच नाहीत. तेथे गवंड्याच्या हातात काय कसब आहे, यावरच भिंत उभी राहणार.