सिप्रनससाठी मका आणि दादर

हतनूर, वाघूर, अक्कलपाडा, अनेर... या धरणांवर गळ घेऊन बसणाऱ्यांनो, कणकेचा गोळा जरा बाजूला ठेवा. खान्देशात उत्तम आमिष घरच्या कोठीतच असतं: मका आणि दादर ज्वारी.

मका २४ तास भिजवा, मग ३०-४० मिनिटं उकळा. दाण्यात नख सहज रुतलं पाहिजे, पण साल शाबूत हवी, नाहीतर फेकतानाच तो गळावरून निसटतो. उकळलेलं पाणी अजिबात ओतून देऊ नका! दाणे त्यातच झाकून एक दिवस ठेवले की पाणी चिकट होतं, आंबूस-गोड वास सुटतो आणि त्या वासावर मासा येतो. दादर रात्रभर भिजवून १५-२० मिनिटं उकळली की पुरे. कच्चं, कोरडं धान्य मात्र पाण्यात कधीच टाकू नका, ते माशाच्या पोटात फुगतं.

सिप्रनस (कॉमन कार्प) आणि मृगळ हे मासे तळाशी चरतात, म्हणून दाणे खास त्यांच्यासाठी. कटला वरच्या थरात खातो, त्याला हे फारसं उपयोगी नाही.

आधी जागेवर मूठ-दोन मूठ दादर आणि भिजवलेली सरकीची पेंड टाका. जास्त नको, पोट भरलेला मासा गळाकडे फिरकत नाही. मग गळाला मक्याचे दोन दाणे, टोक उघडं ठेवून. बारीक टिचक्यांना भुलू नका. दोरी सरळ चालू लागली की काठी उचला.

धरणातली मासेमारी बहुधा ठेक्याने दिलेली असते, तेव्हा तिथल्या मच्छीमार सोसायटीला विचारूनच बसा.