मोळी खंदकातली

फॅसिन: झुडपांच्या लांब, बारीक फांद्यांची घट्ट आवळलेली मोळी. लॅटिन ‘फास्किस’ म्हणजे भारा, नाव त्यावरून.

गॅबियन: हा प्रकार वेगळा. वेताची बिनबुडाची टोपली, जागेवर ठेवून मातीने भरायची.

कांब्रे (फ्रान्स), पहिले महायुद्ध, २० नोव्हेंबर १९१७: जर्मन बचावफळीचे, म्हणजे हिंडेनबर्ग रेषेचे, रुंद खंदक ब्रिटिश रणगाड्यांना ओलांडता येण्याजोगे नव्हते. म्हणून रणगाड्यांच्या माथ्यावर अजस्र मोळ्या चढवल्या. सुमारे ७५ भारे साखळदंडांनी आवळून केलेली एकेक मोळी दीड टनाहून जड. ती खंदकात ढकलायची आणि तिच्यावरून पार व्हायचे. मोळ्या बांधण्याचे कष्ट चिनी मजुरांचे, हेही नोंदवायला हवे.

चॅट मॉस: लिव्हरपूल–मँचेस्टर रेल्वे (१८३०) दलदलीवरून नेताना जॉर्ज स्टीफन्सनने खाली फांद्या-झुडपांचे थर अंथरले. त्या मार्गावर आजही गाड्या धावतात.