अंब्याचा खोलेश्वर आणि लक्ष्मीने राखलेली वंशकथा

परळी ते लातूर रोड या लोहमार्गावर बालाघाटाच्या माथ्यावर घाटनांदूर आहे. योगेश्वरीच्या आणि मुकुंदराजांच्या दर्शनाला निघालेले भाविक इथे उतरतात आणि पुढे अंबाजोगाई गाठतात. त्याच अंबाजोगाईत, म्हणजे जुन्या अंब्यात, आठशे वर्षांपूर्वीच्या एका सरदार घराण्याची हकीकत दगडात कोरून ठेवलेली आहे.

त्या घराण्याचा कर्ता पुरुष खोलेश्वर. देवगिरीचा यादव राजा दुसरा सिंघण याचा तो सेनापती. कुळ ब्राह्मणाचे, गोत्र मुद्गल. राजघराण्याशी रक्ताचे नाते नसताना त्याने तलवारीच्या बळावर केवढी मजल मारली! खोलेश्वराला उंचीवर नेले ते त्याच्या मोहिमांनी.

अंबाजोगाईचे शके 1150 आणि शके 1162, म्हणजे इसवी सन 1228 आणि 1240 चे संस्कृत शिलालेख या घराण्याविषयी बोलतात. खोलेश्वराने गुर्जर राजाचा गर्व उतरवला, माळव्याला नमवले, खानदेशातल्या भंभागिरीच्या म्हणजे भामेरच्या आभीर राजाचा पाडाव केला, असे त्यांचे सांगणे. अमरावती जिल्ह्यातले खोलापूर त्याच्याच नावाने वसले, असे मानतात. बालाघाटातल्या एका गावाशी बांधलेल्या माणसाचा वावर थेट विदर्भापासून गुजरातपर्यंत होता!

शिलालेखातली स्तुती आपल्याच माणसांनी केलेली, मग ती खरी कशी मानायची? इथेच इतिहास चकित करतो. साक्ष मिळते ती शत्रूच्या घरातून. गुजरातचा कवी सोमेश्वर याच्या ‘कीर्तिकौमुदी’त सिंघणाची फौज येते आहे या वार्तेने लोकांची उडालेली गाळण वर्णिली आहे. कोणी नवे घर बांधायला घेईना, कोणी धान्य साठवीना. जो तो गाड्या जुळवायच्या खटपटीत. एकमेकांच्या विरोधात उभ्या असलेल्या दोन राज्यांची लिखिते एकाच धामधुमीबद्दल बोलतात.

खोलेश्वरानंतर त्याचा मुलगा राम सेनापती झाला. मोठी फौज घेऊन तो पुन्हा गुजरातवर चालून गेला. अंब्यापासून चारशे किलोमीटरहून दूर, नर्मदेच्या काठी, घनघोर लढाई झाली आणि राम तिथेच पडला.

मग पुढे आली रामाची बहीण लक्ष्मी. तिने भावाच्या स्मरणार्थ अंब्याला रामनारायणाचे मंदिर उभारले. शके 1162 चा लेख या मंदिराशी जोडलेला. बापाच्या मोहिमा आणि भावाचे मरण आपल्यापर्यंत पोचले ते मुख्यतः तिच्या या कामामुळे. लढाया बापलेकांनी मारल्या, पण त्यांची नावे टिकवली ती लेकीने. मध्ययुगातल्या किती सरदारांच्या नशिबी अशी बहीण आली असेल?

आज अंबाजोगाईत खोलेश्वराचे मंदिर आहे आणि त्याच्या नावाचे महाविद्यालयही. पण त्या नावामागची माणसे आपल्याला ओळखू येतात ती लेखातल्या ओळींमुळे. ते अक्षर झिजले असते तर राम हा आपल्याला परका राहिला असता आणि लक्ष्मीचे तर नावही उरले नसते.

म्हणूनच घाटनांदुरापासून अंब्यापर्यंतच्या कुठल्याही जुन्या देवळात भिंतीवर, खांबावर किंवा पारावरच्या शिळेवर अक्षरे दिसली, तर त्यांवर रंगाचा हात फिरवू नये. गावकऱ्यांनी आधी त्यांचे छायाचित्र काढावे, पुरातत्त्व खात्याला किंवा जाणकाराला दाखवावे. एखाद्या घराण्याचा सगळा पुरावा त्या एकाच दगडावर असू शकतो.