काळा सिलिंडर, पांढरा खांदा

कारखान्यातला रंग ही निरक्षर कामगाराची लिपी, असे सुरक्षेच्या प्रशिक्षणात हमखास ऐकवले जाते. हे अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे आपल्याला कसे उमगत गेले, याचा माग काढायला कोलकात्यासारखे शहर नाही. रंग इथेच तयार होत: हावड्यात शालीमार पेंट्सचा कारखाना १९०२ मध्ये निघाला, हॅडफील्ड्स १९२३ मध्ये आली आणि ब्रिटिश पेंट्स होत होत १९८३ मध्ये बर्जर पेंट्स झाली. माल तपासणारे सरकारी चाचणीगृह, आजचे नॅशनल टेस्ट हाउस, अलीपूरला १९१२ पासून आहे. ज्यांच्यासाठी खुणा लागत ती माणसेही इथलीच. हुगळीकाठच्या तागगिरण्यांत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, आंध्र इथून आलेली माणसे एकाच छताखाली भोजपुरी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि बंगाली बोलत. पाटी लिहायची तर कोणत्या लिपीत? अशा ठिकाणी वाफेच्या नळाला एक रंग आणि पाण्याच्या नळाला दुसरा, हा तोडगा कोणालाही सुचेल. तरीही भारतीय मानकांनी सारी भिस्त रंगावर ठेवली नाही. माझ्या मते त्यांचे खरे शहाणपण यातच आहे.

भारतीय मानक संस्था १९४७ मध्ये स्थापन झाली. तिच्या मानकांत पहिला क्रमांक राष्ट्रध्वजाचा आणि पाचवा रंगांच्या छटांचा. ‘लाल’ एवढे म्हणून भागत नाही, हे त्या यादीत स्पष्ट दिसते: ५३६ फायर रेड, ५३७ सिग्नल रेड, ५३८ पोस्ट ऑफिस रेड, तिन्ही एकमेकांना खेटून. नळांसाठीचे मानक, आयएस २३७९, १९६३ मध्ये आले आणि १९९० मध्ये सुधारले गेले. पाण्याला सी ग्रीन, हवेला स्काय ब्लू, वाफेला ॲल्युमिनियमचा चंदेरी, तेलाला फिकट तपकिरी, वायूंना कॅनरी पिवळा, आम्ल-अल्कलींना गडद जांभळा. एवढ्यावर काम भागले असे वाटते, पण पाणी म्हणजे नेमके कोणते? पिण्याचे, यंत्र थंड करायचे की बॉयलरला जाणारे? म्हणून मूळ रंगावर पट्टे आले, आणि पट्ट्यांच्या जोडीला नळातल्या पदार्थाचे नाव व प्रवाहाची दिशा दाखवणारा बाण. या खुणा व्हॉल्व्हपाशी, सांध्यापाशी आणि नळ भिंतीतून आरपार जातो तिथे दोन्ही बाजूंना करायच्या, कारण माणूस चाकावर हात ठेवून उभा असतो तो नेमका तिथेच.

सिलिंडरची गोष्ट याहून बोलकी आहे. आपल्याकडे औद्योगिक ऑक्सिजनचा सिलिंडर काळा. वैद्यकीय ऑक्सिजनचाही काळाच, फक्त खांदा पांढरा. अमेरिकेत तोच वैद्यकीय ऑक्सिजन हिरव्या सिलिंडरमध्ये मिळतो. हावड्याच्या एखाद्या वेल्डिंगच्या दुकानात पाहा: ॲसिटिलीनचा सिलिंडर मरून पण त्याची होज लाल, ऑक्सिजनचा सिलिंडर काळा आणि होज, प्रमाण पाळले असेल तर, निळी. एकाच वायूच्या वाटेवर दोन रंग! मग वेल्डरची चूक कशी होत नाही? कारण ज्वलनशील वायूच्या जोडाचे आटे उलटे, डावीकडे फिरणारे असतात. लाल होज ऑक्सिजनला लावू म्हटले तरी नट बसतच नाही. शस्त्रक्रियेच्या खोलीतही हेच तत्त्व पुढे गेले. १९५० च्या दशकात भूलयंत्रांसाठी पिन इंडेक्स पद्धत आली: ऑक्सिजनच्या पिना २ आणि ५ या जागी, नायट्रस ऑक्साइडच्या ३ आणि ५ या जागी. डॉक्टर दमलेला असो, दिवा मंद असो, चुकीचा सिलिंडर जागेवर चढत नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये देशात नायट्रोजन आणि आरगॉनचे टँकर ऑक्सिजनसाठी बदलून घेण्याचे आदेश निघाले. तेव्हाही खरे काम आतला वायू काढण्याचे आणि टाकी साफ करण्याचे होते. ब्रशचा नंबर त्यानंतरचा.

यावर कोणी विचारेल, मग रंगाची गरजच काय? गरज आहे, पण ती वेगळ्या कामासाठी. नाव वाचायला जवळ जावे लागते, रंग लांबूनच नजर ओढतो. काहीतरी गैर आहे हे रंग सांगतो, काय गैर आहे ते अक्षर सांगते. आयएस ९४५७ या सुरक्षा-चिन्हांच्या मानकात (१९८०, सुधारित २००५) पिवळ्याला त्रिकोणाची आणि निळ्याला वर्तुळाची जोड आहे, ती उगाच नव्हे. युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्क्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. कमी दाबाच्या सोडियम दिव्याखाली तर धडधाकट डोळ्यालाही सगळे पिवळ्या-करड्या छटांचेच दिसते. तागाची धूळ आणि हुगळीकाठची दमट हवा ‘सी ग्रीन’चे काय करत असेल, ते वेगळे सांगायला नको. शिवाय रंगाचा अर्थ सरकारी अधिसूचनेने बदलतो. जैववैद्यकीय कचऱ्याच्या १९९८ च्या नियमांत टाकून दिलेली औषधे काळ्या पिशवीत जात. २०१६ च्या नियमांत ती पिवळ्या पिशवीत गेली. जुना वॉर्डबॉय जुन्या सवयीने वागला तर त्याला बेफिकीर कसे म्हणायचे?

मग सगळे जग एकाच रंगसंहितेवर आणा, असा दुसरा आग्रह असतो. तत्त्वतः मान्य, पण संक्रमणाचा काळच सर्वांत घातक. कोलकात्यात वीज आली ती १८९९ मध्ये, इंग्लिश कंपनीच्या हातून. आपली वायरिंगची रीतही इंग्लिश वळणाची राहिली. थ्री-फेजला लाल, पिवळा, निळा, न्यूट्रल काळा, अर्थिंग हिरवे. इलेक्ट्रिशियन आजही ‘आर-वाय-बी’ म्हणतात. इंग्लंडने २००४ पासून हे सोडून तपकिरी, काळा, करडा असे फेज घेतले आणि न्यूट्रल निळा केला. म्हणजे आपल्याकडे जो निळा फेज, तो तिथे न्यूट्रल. आणि आपला काळा न्यूट्रल तिथे जिवंत फेज. परदेशी यंत्र बसवणाऱ्या कारखान्यात या दोन्ही पद्धतींच्या केबल एकाच पॅनेलमध्ये येऊन भेटतात. तिथे काळ्या तारेला हात लावण्याआधी मुख्य स्विच पाडायचा, त्याला कुलूप आणि टॅग लावायचा, मग टेस्टर. तारेच्या टोकावर एल१, एल२, एल३, एन अशी अक्षरे असली तर ती वाचायची, आणि नसली तर काम थांबवून आधी ती लावून घ्यायची.