पहाटेचा गारठा डोंगरावर जास्त की नदीकाठी?

डिसेंबर लागला की जालना-भोकरदन पट्ट्यातली पोरं शनिवारी रात्री गाड्या भरून सह्याद्रीकडे निघतात. कळसूबाई, हरिश्चंद्रगड, साल्हेर ही नावं इथल्या केदारखेडा गावातल्या कट्ट्यावरही आता सवयीची झाली आहेत. पोरं निघाली की घरातून एकच सूचना येते: वर थंडीनं गारठून जाल, दोन स्वेटर जास्त घ्या. काळजी रास्त आहे, पण ती नको त्या ठिकाणी लागलेली असते. हिवाळ्यातल्या डोंगराबद्दल आपण जे धरून चाललेलो असतो त्यातलं बरंचसं अर्धवट खरं आहे, आणि डोंगरावर अर्धवट खरं फार महागात पडतं.

सगळ्यात पक्का समज म्हणजे जितकं उंच तितकी थंडी जास्त. पुस्तकातला नियम तसाच आहे. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. केदारखेड्याचा परिसर समुद्रसपाटीपासून पाचशे-साडेपाचशे मीटरवर, कळसूबाई १,६४६ मीटरवर. म्हणजे शिखरावर सात अंश कमी हवेत. दुपारी हा हिशेब बऱ्यापैकी जुळतो. हिवाळ्यातल्या निरभ्र, वारा पडलेल्या रात्री मात्र तो उलटतो. सूर्य मावळला की जमीन आपली उष्णता आकाशात सोडून देते आणि जमिनीलगतची हवा गार होते. गार हवा जड असते. ती उतारावरून घरंगळत खाली येते आणि नदीच्या खोलगट भागात साचते. तिच्या वरचा थर उबदार राहतो.

याचा पुरावा दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात छापून येतो. नाशिक जिल्ह्यातलं निफाड गोदावरीच्या खोऱ्यात, उंची जेमतेम साडेपाचशे मीटर. २०१८च्या डिसेंबरअखेरीस तिथला पारा २ अंशांच्याही खाली गेला होता. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर असूनही तिथला पारा हिवाळ्यात बहुतेक रात्री दहाच्या वर असतो. निफाडहूनही सखल असलेलं परभणीसुद्धा थंडीच्या लाटेत महाबळेश्वरला सहज मागे टाकतं. खुद्द महाबळेश्वरातही दव गोठल्याच्या बातम्या येतात त्या वेण्णा तलावाच्या आणि लिंगमळ्याच्या सखल भागातल्या. उंचावरची बाजारपेठ त्या वेळी तुलनेनं उबदार असते.

आपल्याकडेही हेच घडतं. पूर्णा नदी अजिंठ्याच्या डोंगरातून येते, तिला मिळणारी गिरजा म्हैसमाळच्या बाजूनं. दोन्हींच्या काठचा भाग पहाटे गार हवेनं भरलेला असतो. शेतीपंपाची वीज रात्रपाळीची असली की गव्हाला पाणी द्यायला माणूस मध्यरात्री वावरात उभा असतो. पाय चिखलात, पायजमा गुडघ्यापर्यंत ओला, दंडावरून बारं मोडताना हातातलं फावडं दांड्यासकट बर्फासारखं लागतं. त्याच वेळी कळसूबाईच्या माथ्यावर सूर्योदयाची वाट बघणाऱ्या त्याच्या मुलाच्या भोवतीची हवा कदाचित दोन-चार अंशांनी उबदार असेल. घरच्यांनी दोघांचीही काळजी करायला हवी, आणि माझ्या मते वावरातल्या माणसाची जरा जास्त.

मग शिखरावर माणूस का कुडकुडतो? वाऱ्यामुळे आणि घामामुळे. हवा १० अंशांची असली आणि वारा ताशी ३० किलोमीटरचा असला, तर अंगाला ती साडेसहा अंशांसारखी लागते. त्यात दोन स्वेटर घालून चढलेला माणूस घामानं चिंब असतो. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगानं उष्णता ओढून नेतं. कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावातून निघून शेवटची लोखंडी शिडी चढून वर टेकला की पाच मिनिटांत दातावर दात वाजतात, ते याच ओल्या बनियनमुळे. म्हणून चढताना कपडे कमीच ठेवावेत, थोडी थंडी वाजली तरी चालेल. पिशवीत एक कोरडा बनियन आणि वारा अडवणारं पातळ जाकीट ठेवावं, आणि वर पोचल्या पोचल्या बनियन बदलावा. दोन जाड स्वेटरांपेक्षा एवढ्यानं जास्त काम होतं.

“दोन घोट घेतले की ऊब येते” हा समज तर जीवघेणा आहे. दारूनं कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंग गरम वाटतं आणि तीच उष्णता बाहेर निघून जाते. शरीराच्या आतलं तापमान उतरत असताना माणसाला बरं वाटत असतं. बंद तंबूत किंवा गुहेत शेगडी पेटवून झोपणंही तसंच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतला माणूस उठतच नाही. उघड्यावरची शेकोटीही बिनधोक नाही. डिसेंबरपासून सह्याद्रीतलं गवत वाळून पिवळं पडलेलं असतं, एका ठिणगीनं वणवा लागतो. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे तर अभयारण्य आहे, तिथं आग लावायला कायद्यानंच मनाई आहे. कड्यांवर आग्या मोहोळं असतात, धुरानं ती उठतात.

पाऊस नाही म्हणजे वाट सोपी, असंही समजू नये. पावसाळ्यातल्या शेवाळाची जागा हिवाळ्यात घसाऱ्यानं घेतलेली असते. सुटी माती आणि बारीक खडी उतरताना पायाखालून सरकते. त्यात अंधार सहाच्या सुमारास पडायला लागतो.

विरळ हवेचा बाऊ मात्र सह्याद्रीत करायचं कारण नाही. कळसूबाईवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ८० टक्क्यांहून जास्तच असतो. उंचीचा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या पुढे सुरू होतो. कळसूबाईवर धाप लागते ती चढामुळे. पण याच हिशेबावर विसंबून कुणी थेट उत्तराखंडातल्या केदारकंठाला गेला, तर गोष्ट वेगळी. ते शिखर ३,८०० मीटरच्या आसपास आहे, हिवाळ्यात बर्फानं झाकलेलं. तिथं हळूहळू चढणं, मुक्काम करत जाणं आणि डोळ्यांना गडद चष्मा लावणं भागच आहे.

राहिला शिखरावरच्या रोजच्या जगण्याचा प्रश्न. वर कुणी राहत नाही, ही समजूत भोर तालुक्यातल्या रायरेश्वरावर गेलं की गळून पडते. साडेतेराशे मीटरहून उंच पठारावर जंगम कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहतात, देवळाची पूजा करतात, थंडीत गहू पिकवतात. काही वर्षांपूर्वी तिथल्या शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर सुटा करून, एकेक भाग उचलून वर नेला आणि तिथं जोडला. वर डाळ शिजायलाही वेळ जास्त लागतो, कारण पाणी लवकर उकळतं. कळसूबाईच्या उंचीवर ते ९४-९५ अंशांनाच उकळतं, म्हणून उकळी दिसली तरी दाणा कच्चा राहतो. कुकरचं झाकण लावलं की हा प्रश्न सुटतो.

“वरचे लोक लुटतात” हे वाक्य मी फार ऐकलं आहे आणि प्रत्येक वेळी वाईट वाटलं आहे. कळसूबाईवर ताक, लिंबू सरबत, भजी विकणारी माणसं बहुतेक पायथ्याच्या वाड्यांतली. तेल, पीठ, गॅस, सगळं डोक्या-खांद्यावरून वर जातं. सगळ्यात जड असतं ते पाणी. वीस लिटरचा कॅन म्हणजे वीस किलो. तो घेऊन शिड्या चढलेल्या बाईशी पाच रुपयांसाठी घासाघीस करू नये. थंडीत तहान लागत नाही, पण कोरड्या हवेत श्वासावाटेही अंगातलं पाणी जात राहतं, म्हणून प्रत्येकानं आपलं तीन लिटर पाणी खालून न्यावं आणि रिकाम्या बाटल्या परत खाली आणाव्यात.